चंद्रबोगद्यातले दिवे मी लावले

मी, वय वर्षे सेहेचाळीस, चंद्रबोगद्याची शेवटची चालक, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते आहे. सोमवारी माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, भिण्यासारखं काही नाही. बोगद्याच्या दारात आम्हीही प्रवाशांना हेच सांगत असू, म्हणून लिहून ठेवते.

एक. राहतं घर थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. बाबांनी ते एकट्या माझ्या नावावर केलं होतं. त्यामागचं कारण खोटं होतं.

चंद्रबोगदा बाबांनी मनोरंजन बागेच्या कोपऱ्यात एका रिकाम्या गोदामात उभा केला. रूळ, सहा गाड्या आणि मिट्ट काळोख. पहिल्या वळणावर खाली समुद्र हलायचा, पुढे पांढरी हरणं पाणी प्यायची आणि शेवटी चंद्र इतका जवळ यायचा की माणसं बोलायची थांबत. रांग पार फाटकापर्यंत जाई. प्रवासी आत असताना दिवे लावायचे नाहीत, हा बाबांचा एकमेव नियम.

एका रविवारी गाडी अडकली. दादा अंधारातच ती सोडवायला आत गेला आणि त्याची किंकाळी ऐकू आली. मी सफाईचे सगळे दिवे लावले. लोकांनी पाहिलं : समुद्र म्हणजे ताडपत्री, हरणं म्हणजे पुठ्ठा, चंद्र म्हणजे पिंपाचं झाकण. आधी एक मूल हसलं, मग सगळेच. दादाचं बोट नुसतं चेमटलं होतं.

"कुणी लावले?" बाबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "आतल्या खटक्याला माझा हात लागला, बाबा."

"चालता हो."

तो खरंच गेला. मी गप्प राहिले.

गर्दी त्याच वर्षी ओसरू लागली. दिव्यांमुळेच, असं बाबा मरेपर्यंत म्हणत. शेजारी उंच पाळणा आला होता, हे मी रोजनिशीत नोंदवलं आहे. पण ती नोंद स्वतःला सोडवण्यासाठी केली का, ते अजून ठरत नाही. पुढे हरणांना वाळवी लागली, समुद्र फाटला. शेवटच्या महिन्यात मी रिकाम्या गाड्या सोडत होते. काळोख तेवढा अखेरपर्यंत नवा राहिला.

दोन. रोजनिशीच्या बावीस वह्या दादाला. त्या रविवारचं पान कोरं होतं, ते आज भरलं.

तीन. उंच पाळणेवाले रोज विचारायचे, "काय ताई, चंद्राला पोचे पडले म्हणे?" साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या; म्हणून मुद्दाम त्यांनाच साक्षीला बसवलं. दुसरे साक्षीदार बोगद्याचे मिस्त्री; म्हणून त्यांना माझी टॉर्च आजच देऊन टाकली.

चार. मागच्या खोलीत शेवटची गाडी आहे, समोर ते झाकण टांगलं आहे. दोन्ही दादाचे. खटका बसल्या जागी हाताला येतो. दिवा लावायचा की नाही, ते त्यानं ठरवावं.

मृत्युपत्र मरणानंतर उघडायचं असतं. इतकी वर्षं थांबले तेवढं पुरे. याची प्रत आजच टपालानं दादाला पाठवते आहे. दादा, मी सोमवारातून उठले तर ये. गाडीत दोघांपुरती जागा आहे.

स्थळ : राहतं घर, मागची खोली
दिनांक : ९ मार्च, दुपारी चार
सही : धाकटी
साक्षीदार : १. उंच पाळणेवाले (वाचून, न हसता) २. बोगद्याचे मिस्त्री