याकोब येऊन माफी मागेपर्यंत

१२ जून, बुधवार
नवी वही, नवा मी.
आज अभ्यासवर्गात डोंगरावरच्या प्रवचनाला हात घातला. पाळक अब्राम म्हणाले, दर बुधवारी थोडं वाचायचं आणि आठवडाभर ते जगायचं, नुसत्या माना डोलवायच्या नाहीत. ज्याच्या जगण्यात वचन दिसेल त्याला ऑक्टोबरात कापणीच्या सणाला व्यासपीठावरून बोलायला मिळेल.
आमच्या या जर्मन वंशाच्या मंडळीतले चांगले बोलणारे भाऊ सगळे जर्मनीला गेले. वर्गात उरलेत मंडळीतल्या दोन बहिणी (आमच्याकडे बायका व्यासपीठावर चढत नाहीत), ऐकू न येणारे दोन म्हातारे, मी आणि याकोब टेव्स. याकोब माझा शेजारी. कुंपणाला कुंपण, शाळेत एकच बाक. तो वर्गात पेंगतो. म्हणजे झालंच की!
या आठवड्याचं वचन: सौम्य ते धन्य. सोपं आहे. मी मुळातच सौम्य आहे.

१५ जून, शनिवार
काय हा अपमान!
कोबी सुकत चालला होता म्हणून पाट माझ्या वाफ्याकडे वळवला. पाळी याकोबची होती, पण जवळजवळ संपलीच होती. दोनच तास उरले होते, ते काय मोठे? तर हा फावडं घेऊन आला आणि म्हणाला, कोर्नेई, माझी पाळी सहापर्यंत आहे ना? बस, एवढंच. पण कुठल्या सुरात! आणि पाणीवाल्या असानबेकसमोर! असानबेक हसला. वर याकोब म्हणतो, ते जाऊ दे, तुला एक सांगायचंय. मी ऐकून घेतलं नाही. सौम्यपणे घरात गेलो आणि दार त्याला ऐकू जाईल एवढं सौम्यपणे लावलं.
निश्चय: याकोब येऊन माफी मागेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. सहनशीलतेचाही सराव होईल.

१६ जून, रविवार
उपासनेनंतर याकोबने सगळ्यांना सांगितलं की त्याचे कागद आले. ऑक्टोबरात कायमचा जर्मनीला, लेकीकडे. सगळे त्याच्या गळ्यात पडले, बहिणी रडल्या. मी छताकडे बघत होतो. छताला रंगाची गरज आहे.
म्हणजे माफी मागायला त्याच्याकडे ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. भरपूर झाला.

२६ जून, बुधवार
आजचं वचन फार मोलाचं. तू देवाला दान द्यायला आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तीन वेळा वाचलं, मग जीव भांड्यात पडला. हे मला लागूच होत नाही. याकोबच्या मनात माझ्याविरुद्ध काय असणार? मी काय केलंय? हे वचन त्याच्यासाठी आहे.
लाल पेन्सिलीने खूण करून पुस्तक उघडंच त्याच्या खुर्चीसमोर सरकवलं. त्याने त्यावर चहाचा पेला ठेवला.

७ जुलै, रविवार
प्रभुभोजन. ज्याचं भावाशी बिनसलंय किंवा ज्याच्या हातून पाप घडतंय त्याने भाकर घ्यायची नाही, ताट पुढे जाऊ द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. मी ताट पुढे जाऊ दिलं. जरा उसासाही टाकला, म्हणजे पुढच्या बाकावरच्या याकोबला कळावं.
त्याने भाकर घेतली. शांतपणे चावली. कमाल आहे बुवा या माणसाची!

१० जुलै, बुधवार
वर्गाच्या शेवटी भगिनी कातारीनाने मोठ्याने प्रार्थना केली: प्रभो, आमच्या एका भावाला जे सुटत नाही त्यातून सोडव. मला वाटलं, चला, याकोबचा अहंकार हिच्याही लक्षात आला. सगळ्यांत मोठं आमेन माझं.
घरी येताना माझी बायको लीझा म्हणाली, अरे बावळटा, ती तुझ्याबद्दल बोलत होती. तू भाकर सोडलीस ना, अख्ख्या मंडळीला वाटतंय तू प्यायला लागलास.
मी! ज्याला केफिरच्या आंबट ताकानेसुद्धा झोप येते!
लीझा म्हणाली, मग जा आणि याकोबशी बोलून ये, एक कुंपण तर ओलांडायचंय. बायकांना अध्यात्मातलं कळत नाही.

१७ जुलै, बुधवार
एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा. दोन्ही गाल तयार आहेत, पण मारायला कोणी येईना. बाजारात टरबूजवाल्याशी मुद्दाम हुज्जत घातली. तो म्हणाला, घ्या काका, तुमच्यासाठी अर्ध्या किमतीत. सगळा सराव फुकट.
संध्याकाळी याकोबचा हंस कुंपणातून घुसला आणि मला मांडीला चावला. दुसरी मांडी पुढे केली नाही. वचनात फक्त गालाचा उल्लेख आहे.

४ ऑगस्ट, रविवार
पुन्हा ताट पुढे जाऊ दिलं. याकोबने पुन्हा भाकर खाल्ली. माझ्या मागच्या बाकावर कोणीतरी हुंदका दिला. मला बरं वाटलं. मग कळलं, तो लीझासाठी होता.

७ ऑगस्ट, बुधवार
आजचा धडा दुहेरी. उपवास करा तर तोंड पाडून फिरू नका. डोक्याला तेल लावा, चेहरा धुवा, कोणाला कळू देऊ नका. आणि प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून. उद्या दोन्ही एकदम करणार. असा विद्यार्थी पाळकांनी पाहिला नसेल.

८ ऑगस्ट, गुरुवार
कसं सांगू?
पहाटे डोक्याला तेल लावलं. घरात घाण्याचं सूर्यफुलाचंच होतं, तेच चोपडलं. कपाळावरून ओघळायला लागलं. मग प्रार्थनेसाठी तळघरात उतरलो आणि दार लावून घेतलं. तिथे सगळ्या बरण्या. पोटात कावळे कोकलत होते. उपवासात पाणी चालतं, आणि काकडीच्या लोणच्याचं पाणी हे शेवटी पाणीच. बरणी तोंडाला लावली.
वरून लीझाचा आवाज आला, कोर्नेई, पाळक आलेत! मी बरणी हातात घेऊनच वर आलो. डोळे लाल (तेल गेलं होतं), चेहरा चमकतोय, चालताना जरा झोक जातोय. आपल्याकडे सकाळी सकाळी लोणच्याचं पाणी कोण पितं ते शेंबडं पोरही सांगेल. ज्याला आदल्या रात्री जास्त झालेली असते तो.
पाळक अब्राम पुढे आले. माझ्या तोंडाजवळ नाक आणून मला भावासारखं मिठीत घेतलं, आणि बराच वेळ हुंगत राहिले. शेवटी म्हणाले, बंधू, प्रभू सगळं बघतो. मी म्हटलं, मी उपवास करतोय. ते बरणीकडे बघत म्हणाले, हो, हो, दिसतंय.
आणि तो उपवास गुप्त ठेवायचा होता! तोही गेला.

२९ ऑगस्ट, गुरुवार
पुरे झाली बदनामी. आता दानधर्म. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं वचन आहे. पोतंभर बटाटे (निवडक, माझे सगळ्यांत मोठे) अंधार पडायच्या आत कातारीनाच्या पायरीवर ठेवून गुपचूप परत. विधवा बाई, किती आनंद होईल! अर्थात कोणी दिले ते कळणार नाही. पण कळलंच तर माझा नाइलाज आहे. पोत्यावर माझं नाव आहे.

४ सप्टेंबर, बुधवार
कातारीनाने भर वर्गात डोळ्यांत पाणी आणून बटाट्यांबद्दल आभार मानले. याकोबचे!
त्या रात्री पाऊस आला, आणि याकोबने रस्त्यावरून जाताना पोतं उचलून तिच्या ओसरीवर ठेवलं. तिने खिडकीतून पाहिलं. याकोब म्हणत होता, नाही हो, माझे नाहीत. तर सगळे म्हणाले, बघा किती नम्र!
मी म्हटलं, पोत्यावर नाव बघितलंत का? कातारीना म्हणाली, हो ना, तुमचंच पोतं नेलं होतं वाटतं त्यांनी, परत देते हं.
रिकामं पोतं मिळालं.

१८ सप्टेंबर, बुधवार
विजय! कापणीच्या सणाला मी बोलणार! पाळक म्हणाले, याकोब त्याच दिवशी निघतोय, बाकी दोघांना ऐकू येत नाही, तेव्हा तूच. दहा मिनिटं. आणि कोर्नेई, त्या दिवशी सकाळी काही पिऊ नकोस.
विषय पक्का: भावाशी समेट. याकोब समोर बसलेला असेल. माझं बोलणं असं काळजाला भिडेल की तो बाकावरून उठून येईल आणि सगळ्यांदेखत गुडघे टेकून माफी मागेल. मी त्याला उठवून छातीशी धरेन. हा प्रसंग आरशासमोर दोनदा करून बघितली. डोळे भरून आले.

३ ऑक्टोबर, गुरुवार
प्रवचन लिहून झालं. तीन मुद्दे. पहिला, समेट का करावा. दुसरा, आधी पाऊल कोणी टाकावं (ज्याची चूक असेल त्याने). तिसरा, वेळ दवडू नये.
दुपारी याकोब कुंपणापाशी आला होता. बराच वेळ उभा राहिला. मी पडद्याआडून बघत होतो. मनात म्हटलं, बोल, बोल आता. तो नुसताच माझ्या कोबीकडे बघून गेला. लीझा म्हणाली, त्याचं घर विकलं गेलं, हंस असानबेकला दिले, आता तरी जा. मी म्हटलं, रविवारी सगळं होईल, माझं प्रवचन वाया घालवू नकोस.
ती संध्याकाळभर भांडी आपटत होती.

६ ऑक्टोबर, रविवार
सगळं लिहून काढतो.
उपासनागृह काय सजलं होतं! व्यासपीठासमोर भोपळे, द्राक्षं, मधोमध मोठा पाव, आणि माझा कोबी अगदी पुढे. याकोब तिसऱ्या बाकावर, प्रवासाचा कोट घालून. मी सुरुवात केली. पहिला मुद्दा छान झाला. दुसऱ्या मुद्द्याला मी त्याच्याकडे रोखून बघितलं. त्याचे डोळे ओले! बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला. तो हलला नाही. मला वाटलं, भिडलं! म्हणून दुसरा मुद्दा जरा वाढवला. पुन्हा भोंगा. मग तिसरा मुद्दा, वेळ दवडू नये, त्यालाही बराच वेळ दिला. भोंगा वाजतच राहिला.
याकोब उठला. आला, आला, असं मनात म्हणेपर्यंत त्याने छातीवर हात ठेवून मान लववली आणि मागच्या दाराने निघून गेला.
मी म्हटलं, तर मग बंधूंनो, दवडलेला वेळ...
तेवढ्यात गायनवृंदातून लीझा उठली आणि भर उपासनेत ओरडली, कोर्नेई, पुरे! खाली उतर! आमच्या मंडळीत बाई अशी कधी ओरडली नव्हती. पाळक अब्राम छताकडे बघायला लागले. मी उतरलो.
जुनी आउडी गाडी काढली. लीझा शेजारी बसून सारखी म्हणत होती, दाब, दाब अजून. विमानतळाच्या वाटेवर, कांत गावच्या पेट्रोलपंपावर टॅक्सी दिसली. याकोब बाहेर उभा होता. मी धावत गेलो. धाप लागली होती, तरी आवाज भारदस्त ठेवला. म्हटलं, याकोब, मी तुला माफ केलं.
तो म्हणाला, कशाबद्दल?
मी म्हटलं, जूनपासूनचं. तो म्हणाला, तू बोलेनास तेव्हा मला वाटलं, मी जातोय हे तुला आधीच कुणीतरी सांगितलं. त्याचंच वाईट वाटून तू तोंड लपवतोयस. भाकरही घेईनास. पाणीबिणी गेलं खड्ड्यात, असानबेकला मी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर माझी पाळी कोर्नेईला दे. कुंपणापाशी दहा वेळा आलो रे. पण तू बाहेर आला असतास तर मी रडलो असतो, मग निघता आलं नसतं. म्हणून परत फिरायचो.
लीझा माझ्याकडे बघत होती. याकोब म्हणाला, तेच होतं ना, कोर्नेई?
मी म्हटलं, हो. तेच.
आम्ही मंडळीच्या रीतीप्रमाणे बंधुभावाने एकमेकांचा मुका घेतला. टॅक्सीवाला म्हणाला, आजोबा, विमान थांबत नाही. गेला.
परत येताना सगळा रस्ता मन खात होतं की मी खोटं बोललो. आणि माफी खरं तर मी मागायला हवी होती, ती तर राहूनच गेली. मग तोकमोक गावाच्या अलीकडे समोरचा रस्ता दिसेनासा झाला. गाडी कडेला घेतली आणि पोरासारखा रडलो. खोटं नव्हतंच ते.
लीझा म्हणाली, सरक, मी चालवते. तिला गाडी येत नाही. तरी सरकलो.