ताराचं उटणं

११ ऑक्टो., शनि. बॉथेल, अमेरिका.
उटण्याची पुडी फोडली. पुण्याहून आणलेली, वास शाबूत. नात तारा ओट्याशी उभी होती. थोडं दुधात कालवून तिच्या हाताला लावलं. तोंडातून सवयीनं गेलं, "चोळ नीट, रंग उजळतो." माझी आई मला म्हणायची, मी ताराच्या आईला, वंदनाला.
तारानं हात नळाखाली धरला. "आजी, आय अ‍ॅम ब्लॅक. मला नाही उजळायचं."
जिना चढून गेली. जेवायला आली नाही.

१२ ऑक्टो., रवि.
माझ्याशी अबोला. येत्या शनिवारी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत पोरांनी मराठीत स्वतःबद्दल बोलायचंय. ताराचं पहिलं वाक्य: मी ब्लॅक आहे आणि मराठी आहे.
वंदना म्हणाली, "तिथे नुसतं मराठी म्हण ना. कशाला विषय!"
तारा म्हणाली, "मग बाबाला पार्किंगमध्ये ठेवू का?"
तिचे बाबा, आमचे ब्लॅक अमेरिकन जावईबापू, भांडी पुसत होते. मराठी येत नाही, पण 'बाबा' कळतं. फडकं थांबलं.

१५, बुध.
वंदनाला म्हटलं, बोलू दे पोरीला. फणकारली, "आई, उजळवायला तर तूच निघाली होतीस!" खरंच की. चहा निवला.
तिचंही कळतं. लग्नाच्या वेळी काय काय ऐकून घेतलंय बिचारीनं. पण म्हणून पोरीनं…

१८, शनि.
बोलली. 'आणि'पाशी जरा अडखळली, मग घडाघडा. जावईबापूंची टाळी पहिली. वंदना जमिनीकडे बघत होती, डोळे भरलेले.
शेजारच्या काकू वाकून म्हणाल्या, "काही म्हणा, अर्धी तरी आपलीच हो!"
"अर्धी कशी? अख्खी नात आहे माझी. आणि ती सांगते, तीच ती."
काकूंनी चिवड्याची बशी पुढे केली. घेतला. मीठ कमी.
परतताना तारा गाडीत माझ्याशेजारी बसली.

२०, सोम. नरक चतुर्दशी.
पाट मांडला, वाटीत उटणं कालवलं. जावईबापू आधी बसले. "हे कशासाठी, आई?" असं इंग्रजीत. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, थंडीत अंग फुटू नये म्हणून. आणि दिवाळी म्हणून.
जिन्यावरून आवाज, "आणि रंग?"
"तुझा रंग तुझा, बाई. मी फक्त पाठ चोळते."
खाली आली नाही. वाटी झाकून तिच्या न्हाणीच्या दाराशी ठेवली. आता आत पाणी वाजतंय. वाटी दाराशी आहे का आत गेली, वर जाऊन बघितलेलं नाही.