बरणी क्रमांक एक आणि बाकीच्या एकशे अकरा

पहिल्या फळीवरची पहिली बरणी मला केवढ्याला पडली ते आधी लिहितो, कारण या कागदातले निम्मे तंटे तिथूनच सुरू होतात. बोटीच्या पोटातले बंद पडलेले शीतघर चालू करायला अकरा तास. डाव्या अंगठ्याचे नख, जे पुन्हा सरळ आले नाही. धाकट्या मेहुणीचे लग्न, ज्याला मी पोहोचलो नाही. त्यापायी बायकोचा तीन दिवसांचा अबोला आणि नव्या साडूचा अडतीस वर्षांचा टोमणा. बदल्यात बोटीवरच्या आचाऱ्याने कागदात बांधून दिलेली मूठभर तांबडी भुकटी. सौदा महाग पडला असे मला आजवर एकदाही वाटलेले नाही.

तर मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शीतयंत्रांची दुरुस्ती, सध्या निवृत्त, राहणार याच घरात, कोणी दटावलेले नसताना आणि कोणी गोड बोलून पाठीवरून हात फिरवलेला नसताना, चष्मा लावून स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो की माझ्या माघारी माझ्या वस्तूंची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. याआधी मी असा कागद केलेला नाही. केला असे कोणी म्हणाले तर त्याला तो दाखवायला सांगावे.

कलम १. माझी प्रकृती.
डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल एवढेच सांगतो की रोज सकाळी न्याहारीच्या वेळी मी बरणी क्रमांक एकमधली पिरी-पिरी मिरचीची भुकटी, सपाट चमचाभर, कोरडी खातो. ही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची करंगळीच्या नखाएवढी मिरची. भल्याभल्यांना तिने खुर्चीवरून उठवले आहे. सहा वर्षांपूर्वी माझे पोटाचे ऑपरेशन झाले, तरी नेम चुकलेला नाही. तोवर बरणी संपत आली की बंदरावरून भुकटी आणून मीच भरत असे, आता ते काम सूनबाईकडे आहे. वर पाणी पीत नाही. मिरचीवर पाणी मी जन्मात मागितलेले नाही. डॉक्टरांना हे सांगितले की ते नुसती मान हलवतात. त्याचा अर्थ वाचणाऱ्याने घ्यावा.

कलम २. घर.
बायको माझ्याआधी गेली, तेव्हा घर माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावे, स्वयंपाकघराला लागून असलेली कोठीची खोली वगळून. ती खोली सात फूट बाय पाच फूट, खिडकी उत्तरेला, फळ्या पाच, बरण्या एकशे बारा. मुलगा गुणी आहे. पण त्याला मिरी चावली तरी शिंका येतात, आणि गेल्या वर्षी तो मला म्हणाला, "बाबा, इथे दुसरं बाथरूम सहज बसेल." मी हसण्यावारी नेले. त्यानंतर महिन्याभराने मी पलीकडच्या खोलीत आडवा पडलो असताना कोठीच्या खोलीतून मोजायची टेप सर्रकन गुंडाळल्याचा आवाज आला. पाच वेळा. पाचवा बहुधा उंचीचा असावा.

म्हणून स्पष्ट लिहितो: या खोलीच्या कोणत्याही भिंतीतून पाण्याचा किंवा सांडपाण्याचा नळ जाणार नाही. जिन्याखाली सव्वाचार फूट बाय सहा फूट जागा आहे. मीही मोजली आहे.

कलम ३. कोठीची खोली.
ही खोली, तिचे दार, किल्ली आणि आतल्या सर्व बरण्या सूनबाईने हयात असेपर्यंत वापराव्यात. मात्र तिने त्या खात राहिले पाहिजे, नुसत्या पुसत बसू नये.

तिलाच का, ते सांगतो. मी पन्नास वर्षे यंत्रांचे रोग कानाने ओळखले. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक कॉम्प्रेसरला लावायचे, मूठ कानाला, आणि ऐकायचे. बेअरिंग खरखरते, झडप टिचक्या मारते, गॅस कमी असेल तर यंत्र दम लागल्यासारखे चालते. तसेच माझ्या बरण्यांच्या झाकणांचे. प्रत्येकीचा आवाज निराळा आहे आणि क्रमांक एकचे पत्र्याचे झाकण उघडताना दोन सुरांत कुरकुरते. दर शनिवारी सकाळी, घरात कोणी उठलेले नसताना, ते कुरकुरते. गेली सहा वर्षे. आमच्याकडे आली तेव्हा जी मुलगी डोळ्यांत पाणी आणून विचारायची, "बाबा, याच्यात थोडी साखर घालू का?", ती आता चोरून पिरी-पिरी खाते. याहून मोठी वारस मला कुठे सापडणार?

कलम ४. बरण्या कशा सांभाळाव्यात.
वाळलेली मिरची कानाने निवडावी. कानाजवळ धरून हलवावी. बिया सुट्या वाजल्या तर ठीक. आवाज दबका आला तर आत ओल आहे. ओव्हन मंद ठेवून, दार किलकिले करून वाळवावी. वाजलीच नाही तर आत बुरशी असणार. माया न करता फेकावी. शिकायला मेक्सिकोची कास्काबेल घ्यावी. ती गोल असते आणि खुळखुळ्यासारखी वाजते, त्यामुळे कान लवकर तयार होतो.

ट्युनिशियाच्या हरीसावर, म्हणजे वाटलेल्या लाल मिरचीवर, बोटभर तेल कायम असावे. त्यात ओला चमचा घालणाऱ्याला खोलीत घेऊ नये. मुलगा घालतो.

कोरियाची मिरचीची चटणी, तिला गोचुजांग म्हणतात, ती आंबवलेली असते. झाकण फार आवळू नये. जपानची हिरवी मिरची आणि लिंबाच्या जातीच्या फळाची साल खारवून भरलेली छोटी बाटली फ्रीजमध्येच ठेवावी. काही बरण्या मी चांगल्या दिवसासाठी राखून ठेवल्या, त्यांची सीले अजून शाबूत आहेत. तसा दिवस कोणता असतो ते मला ठरवता आले नाही.

तिसऱ्या फळीवर हंगेरीच्या गोड मिरचीचा मोठा डबा आहे. त्यावर मी 'लहान मुलांसाठी' असे लिहिले आहे. तो पाहुण्यांना काढावा.

बरण्यांबरोबर माझी निळी वही द्यावी. तिखट हा एकच शब्द आपण सगळ्यांना लावतो, ही मोठी गैरसोय आहे. युरोपातला रानमुळा नाकातून वर जातो आणि मिनिटात निघून जातो. हबानेरो मिरची आधी जर्दाळूचा वास देते, मग घशात तळ ठोकते. सिचुआनची मिरी तर मुळात तिखटच नाही. ओठावर ठेवली की नुकते यंत्र चालू झाल्यासारखी गुणगुण होते. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी उठून फ्रीज बघून आलो होतो. वहीत प्रत्येकीपुढे तीन रकाने आहेत: कुठून आत, कुठून बाहेर, किती वेळ. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही असे एक आचारी म्हणाला, तेव्हा मी खिडकीत चिमण्यांपुढे बिया ठेवून खात्री करून घेतली. मग झाडाने हा जाळ नेमका कोणाला हाकलायला पेटवला, हा प्रश्न अठराव्या पानावर लिहून ठेवला आहे. उत्तर सापडेल त्याने शेजारी लिहावे.

कलम ५. हत्यारे आणि शिल्लक.
बँकेतली शिल्लक मुलगा आणि सूनबाई यांनी निम्मी निम्मी घ्यावी. वर्कशॉपमधली हत्यारे माझ्या जुन्या कारागिराला, ज्याला सगळे नळ्या म्हणतात, त्याला द्यावीत. तांब्याच्या नळीला त्याच्यासारखा सांधा घालणारा मी पाहिला नाही. लांब स्क्रूड्रायव्हरही त्यालाच. मात्र त्याने तो रंगाचे डबे उघडायला वापरू नये. वापरतो, मला ठाऊक आहे. मुठीवर हिरवा ठिपका आहे.

कलम ६. साडू.
लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी बरणी घेऊन माफी मागायला गेलो, तेव्हा साडूबुवा चार माणसांत म्हणाले, "लग्नाला माणूस आला नाही, मसाला आला!" मी म्हटले, "चाखून तर बघा." ते म्हणाले, "आमच्याकडे आहेर खात नाहीत." गेली अडतीस वर्षे प्रत्येक जेवणात हा विनोद वाढला जातो, आणि त्यांनी आजवर त्या बरणीला बोट लावलेले नाही.

माझ्या बैठकीत बोटीवरचे पितळी घड्याळ आहे. साडूबुवा आले की आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. त्यांनी बरणी क्रमांक एकमधला सपाट चमचा, उभ्याने, पाण्याविना, माझ्यासारखा खाऊन दाखवावा आणि घड्याळ न्यावे. जमले नाही तर घड्याळ जिथे आहे तिथेच राहील, पण त्यांना जेवायला बोलावणे थांबवू नये. विनोद जुना असला तरी माणूस वाईट नाही.

कलम ७. दुरुस्ती.
इथपर्यंतचा मजकूर आज सकाळी मी दोन साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. एक समोरचा शिंपी, दुसरे आमचे डॉक्टर. सूनबाई दारात उभी होती. कलम १ ला डॉक्टर खोकले. कलम ३ ला सूनबाई खाली बघू लागली. मला वाटले, लाजली. कलम ६ संपले आणि मी पेनचे टोपण काढले, तेव्हा ती आत आली. पुढचे बोलणे जसे ऐकले तसे लिहितो.

"बाबा, सही करू नका."

"का गं? खोली लहान पडते?"

"कागदावर खोटं लिहिलंय तुम्ही. म्हणजे तुम्हाला माहीत नाही, पण खोटं आहे. बरणी एकमध्ये पिरी-पिरी नाहीये."

"मग काय आहे?"

"गोड मिरची. 'लहान मुलांसाठी'."

शिंपी म्हणाला, "म्हणजे सहा वर्षं हे—"

"साडेपाच," ती म्हणाली. "पहिले सहा महिने मिसळत गेले. दर शनिवारी थोडी खरी काढायची, तेवढीच गोड घालायची. एकदम बदलली असती तर जिभेला कळलं असतं. आता नुसती भरते. रोज चमचाभर संपते ना."

मी डॉक्टरांकडे पाहिले. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघताय? मीच सांगितलं तिला. तुम्हाला मिरची बंद म्हटलं असतं तर तुम्ही मिरची ठेवून डॉक्टर बदलला असता."

"अरे, पण मला चव कशी कळली नाही?"

"तुम्ही बरणीवरचा आकडा खाता, बाबा," सूनबाई म्हणाली. मग जरा घाईने, "आणि वास चुकू नये म्हणून मी त्यात धुरावर वाळवलेली मिरची घातली. झणका यावा म्हणून मोहरीची पूड, चिमूटभर. कशात काय मिसळतं ते बघायला एकेक बरणी उघडावी लागली."

"किती उघडल्यास?"

"सगळ्या. एकोणीस बरण्यांची तर सीलंसुद्धा मीच तोडली." तिने एप्रनच्या खिशातून एक वही काढली. लाल. आत तीनच्या जागी चार रकाने. चौथा: कोणाबरोबर चांगली लागते.

"हे आत्ताच का सांगितलंस? सही झाल्यावर खोली तुझीच होती."

"खोट्या कागदावर नको मला खोली. उद्या कोणी म्हटलं की यांना काय खातोय तेही कळत नव्हतं, तर अख्खा कागद जाईल आणि इथे बाथरूम होईल. शिवाय तुमच्या साडूंनी ती हसत हसत खाल्ली असती. घड्याळ गेलं असतं ना."

मी पेनला टोपण परत लावले. झाकणाचा आवाज मी बरोबर ऐकला आणि अर्थ साफ चुकीचा लावला. धंद्यात असे केले असते तर अख्ख्या बोटीतले मांस कुजले असते.

तेव्हा पुढील बदल करतो. कलम १ मधले प्रकृतीचे वर्णन खोडले आहे, पण वाचता येईल असे खोडले आहे. कलम ३ मधली 'हयात असेपर्यंत' आणि 'खात राहिले पाहिजे' ही दोन्ही बंधने काढली आहेत. खोली सूनबाईच्या पूर्ण मालकीची, पुढे ती देईल त्याची. मी बरण्या जमवल्या, पण ओळख तिने करून घेतली. निळ्या वहीची कोरी पाने तिची, आणि अठराव्या पानाचे उत्तर तिच्याकडूनच येईल असे वाटते. डब्यावरची 'लहान मुलांसाठी' ही चिठ्ठी काढून टाकावी.

कलम ६ मध्ये चमचा खऱ्या भुकटीचा असावा. ती आहे. सूनबाईने बरणीतून काढलेली सगळी पिरी-पिरी हवाबंद डब्यात, आमच्याच फ्रीजरच्या तळाशी, वाटाण्याच्या पिशवीखाली ठेवली होती. मी विचारले, इतकी वर्षे मला दिसली कशी नाही? ती म्हणाली, "फ्रीज दुरुस्त करणारा माणूस आपल्या घरचा फ्रीज उघडून कधी बघतो?"

साडूला जे करायला सांगतो ते आपण आधी करावे, म्हणून मी तिला म्हटले, खरी आण. डॉक्टर नको म्हणाले. मी म्हटले, प्रमाण तुम्ही ठरवा. त्यांनी ठरवले.

सही: मृत्युपत्र लिहिणारा, शीतयंत्र दुरुस्तीवाला.

ठिकाण: कोठीची खोली, दार उघडे.
दिनांक: नऊ मार्च, सोमवार.

साक्षीदार पहिला, समोरचा शिंपी: लिहिणाऱ्याने माझ्या डोळ्यांदेखत सही केली आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांचे डोळे त्या वेळी नीट उघडत नव्हते, पण सही त्यांचीच आहे.

साक्षीदार दुसरा, डॉक्टर: तपासले. लिहिणारे शुद्धीवर आहेत, स्मरण चांगले आहे, कोणाच्या दबावाखाली नाहीत. सहीपूर्वी त्यांनी मूळ भुकटी, मोहरीच्या दाण्याएवढी, जिभेवर ठेवली. सही पंचवीस मिनिटांनी झाली. दरम्यान त्यांनी चार वेळा पाणी मागितले.