सतरा नंबरचा समुद्र

२ नोव्हेंबर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. एका पाळीत चौदा अपघात आणि वर मेट्रनची कटकट, हे वाचून वाटलं की बहिणीला नर्स होऊ दिलं हे माझंच चुकलं. तू म्हणशील, तुला विचारलं होतं कुणी? तेही खरंच.

आता माझी बातमी, आणि हसायचं नाही. कॅमेरा क्लबाने यंदाच्या स्पर्धेला मला परीक्षक नेमलंय. निसर्गदृश्यं आणि सागरदृश्यं, दोन्ही विभाग माझ्याकडे. तीस वर्षं डार्करूममध्ये कोंडून घेऊन लोकांचे फोटो धुतले, त्याचं हे फळ. इथली पद्धत मोठी गमतीची आहे. फोटोवर नुसता नंबर असतो आणि नाव मागच्या बंद पाकिटात. परीक्षकाने भर सभेत एकेक फोटो स्टँडवर लावून त्याचे गुणदोष मोठ्याने सांगायचे. ज्याचा फोटो असेल त्याने खुर्चीत ढिम्म बसून राहायचं, जो चुळबुळला तो बाद. कानशिलं लाल झालेली माणसं छताकडे बघत बसलेली असतात.

अडचण आहे ती तुझ्या चिरंजीवांची. आमचा सहा फुटी टिल्लूही स्पर्धेत उतरलाय. दिवसभर बंदरात जहाजं खेचणाऱ्या टगबोटीवर दोर ओढतो आणि सुट्टी मिळाली की पुन्हा समुद्राकडेच कॅमेरा घेऊन पळतो. मी चिटणिसांना म्हटलं, भाचा स्पर्धेत आहे, मला मोकळं करा. ते म्हणाले, नंबरांना मामा नसतो. पण मला ओळखू येणारच ना! त्याच्या फोटोत क्षितिज नेहमी डावीकडे कलतं. सहाव्या वर्षी बापाने खांदा पिरगाळला तो कधी धड बसलाच नाही, त्यामुळे कॅमेराही तसाच धरला जातो. तुझा समुद्र सांडतोय रे, असं मी रोज म्हणतो आणि तो रोज हसतो.

तेव्हा मी ठरवलंय की त्याचा फोटो समोर आला की जरा कडकच बोलायचं. घरचा म्हणून झुकतं माप दिलं, असं कुणाला म्हणायला जागा नको.

तुझा राग मला पाठ आहे, लोभ तेवढा वाढव.

तुझा दादा


९ नोव्हेंबर

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

परीक्षकसाहेबांचं अभिनंदन. आता घरातल्या भाजीला नंबर देत बसू नकोस म्हणजे झालं.

इकडे नेहमीचंच. काल दोन सख्खे भाऊ आले. एकाच्या पोटात बाटलीची काच, दुसऱ्याचं मनगट उघडं पडलेलं. भांडण कशावरून, तर खिडकी उघडी ठेवायची की बंद. शेजारशेजारच्या खाटांवर पडून एकमेकांची आई काढत होते आणि दोघांची आई मध्ये स्टुलावर बसली होती. मी काच काढली, टाके घातले आणि दोघांना सारखाच दम भरला.

टिल्लूशी कडक बोल, पण चारचौघांत त्याचं हसं करू नकोस. त्याचा बाप असाच गप्प बसलेला असायचा आणि मग एकदम उठायचा. टिल्लू गप्प बसला की मला तोच दिसतो, काय करू. त्याला मी सांगून ठेवलंय आणि तुलाही सांगते: ज्या दिवशी त्याने कुणावर हात टाकल्याचं कानावर येईल, त्या दिवसापासून मला मुलगा नाही. तुझ्यासारख्या गरीब गाईपाशी त्याला ठेवला तो याचसाठी. घरात उंदीर निघाला तर तू खोली सोडून जातोस, त्याने तुझं बघून शिकावं.

स्पर्धेचं सविस्तर कळव. माझ्या काळजीला हसलास तरी चालेल, मायेत कमी करू नकोस.

तुझी छोटी


२३ नोव्हेंबर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लावून घे. वाईट बातमी आधीच सांगून टाकतो. टिल्लू पोलीस कोठडीत आहे.

वीस तारखेला संध्याकाळी स्पर्धा होती. सतरा नंबरचा फोटो स्टँडवर आला. धक्क्यावर आपटून उभी राहिलेली लाट, लोखंडाच्या रंगाचं पाणी, आणि क्षितिज डावीकडे घसरलेलं. टिल्लूचाच, मला तिळमात्र शंका नव्हती. मग मी सुटलोच. म्हणालो, ज्याला समुद्र सरळ धरता येत नाही त्याने बादलीचे फोटो काढावेत. सभा खदखदून हसली. दहापैकी एक गुण दिला आणि तोही कागद वाया गेला म्हणून, असंही वर म्हणालो. त्यानंतर एकतीस नंबर आला. ओहोटीची ओली वाळू आणि मागे फूटपट्टीने ओढल्यासारखं क्षितिज. त्याला मी पहिला नंबर दिला.

पाकिटं फोडली. एकतीस नंबर टिल्लूचा निघाला! गवंडी वापरतात ती बुडबुड्याची लेव्हल त्याने सहा महिने कॅमेऱ्यावर चिकटवली होती आणि ते फोटो मला दाखवलेच नव्हते. आणि सतरा नंबर होता गोदीतल्या वेल्डरचा. जहाजाच्या बाजूला लोंबकळत काम करणारा माणूस. हलत्या होडीतून, भर वादळात त्याने तो फोटो काढला होता. सगळे हसत असताना तो नियमाप्रमाणे ढिम्म बसून होता. मामाने भाच्याला दिला, असा ओरडा झाला, खुर्च्या पडल्या. मी मागच्या खोलीत गेलो तर वेल्डर पाठोपाठ आला आणि नको ते बोलला. टिल्लूने माझा जुना लाकडी ट्रायपॉड उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्या टाळूवर घातला. दोन घाव. जबडाही मोडलाय. भिंतीवर, फोटोंवर, सगळीकडे रक्त. वेल्डर अजून शुद्धीवर नाही. टिल्लूने जागच्या जागी गुन्हा कबूल केला.

त्या धावपळीत मी जिन्यावरून घसरलो. उजव्या हाताचं करंगळीच्या मुळाशी हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय. माझी काळजी नको.

तू त्याला टाकू नकोस एवढंच मागतो.

दादा


२६ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न.

मामाने कळवलंच असेल. मी केलं. तू सांगून ठेवलं होतंस ते लक्षात आहे, तेव्हा येऊ नकोस.

इथे ठीक आहे. पहिल्या दिवशी दोघांनी मला बडवलं, आता ओळख झाली. त्यातल्या एकाला बायकोला पत्र लिहायचं होतं, ते मी लिहून दिलं. माझं अक्षर बघून आता सगळेच येतात. एकाने तर सासऱ्याला धमकी लिहायला सांगितली, तिच्यातून शिव्या काढता काढता ते चांगलं आर्जवाचं पत्र होऊन बसलं.

मामाकडे लक्ष दे. तो जेवत नसणार. त्याला म्हणावं, जे झालं त्यावर कुणाशी बोलत बसू नको.

रागावलीस तरी पायांशी जागा असू दे.

टिल्लू


१ डिसेंबर

ती. दादास नमस्कार.

तुम्हा दोघांची पत्रं आज शेजारी ठेवून वाचली. त्याआधी पाच दिवस मी तुम्हा दोघांशीही मनातसुद्धा बोलत नव्हते. मेट्रनने मुलाची चौकशी केली तेव्हा मला मुलगा नाही असं मी तिला सांगितलं.

दादा, बावीस वर्षं मी मोडलेली हाडं बघतेय. जिन्यावरून पडणारा माणूस तळहात टेकतो, त्याचं मनगट जातं. करंगळीच्या मुळाशी हाड मोडतं ते मूठ आवळून कुणाच्या तोंडावर ठेवून दिली की. दर शनिवारी असे चार हात मी बांधते आणि सगळेच जिन्यावरून पडलेले असतात. टिल्लूची मूठ मात्र लोकांची पत्रं लिहिण्याइतकी शाबूत आहे. एवढा जबडा मोडून त्याचं एक सालटंही गेलं नाही?

आणि टाळूवर घाव, दोन्ही हातांनी. टिल्लूचा डावा हात कानाच्या वर जात नाही. केस विंचरायला तो मान खाली घालतो, सदरा घालताना आधी डावी बाही घालतो. तुझा ट्रायपॉड मी उचललाय, दगडासारखा जड आहे. तो डोक्यावर नेणार कसा?

मला खरं काय ते लिही. नाहीतर मी येते आणि तुझं प्लास्टर स्वतः कापून बघते.

छोटी


५ डिसेंबर

चि. छोटीस,

मी मारलं.

वेल्डर शिवीगाळ करत आला नव्हता. नको ते बोलला असं मी लिहिलं तेही खोटं. त्याने सतरा नंबरचा फोटो टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात विचारलं की एक गुण फोटोला दिला की माणसाला. त्या होडीतून समुद्र तसाच दिसतो, म्हणाला, सरळ दिसला असता तर मी सरळ काढला असता. मग म्हणाला, तुम्हाला हा भाच्याचा वाटला, हो ना? त्याला ठेचून तुम्हाला इमानदार व्हायचं होतं, मी मध्ये सापडलो.

त्याने बरोबर ओळखलं होतं. माझ्या मनातलं कुणीतरी असं समोर आणून ठेवलं आणि मला ते सहन झालं नाही. लाट फार सुंदर होती, छोटी. स्टँडवर ती आली तेव्हाच मला दिसलं होतं, तरी मी बोलत सुटलो. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो पडता पडता टेबलाला धरून उठला, त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि पुन्हा म्हणाला, हो ना? तेव्हा मी ट्रायपॉड उचलला. हाड मोडलेल्या हातानेच उचलला आणि मला काही दुखलं नाही. पहिल्या घावाला तो गुडघ्यावर आला. दुसरा मी थांबवू शकलो असतो. हे तुलाच लिहितोय: दुसरा मारताना मला बरं वाटलं. आयुष्यभर गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडल्यासारखं वाटलं. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा टिल्लूने मागून मला मिठी घातली.

त्याने ट्रायपॉड माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतला, वेल्डरच्या डोक्याला आपला सदरा गुंडाळला आणि मला गप्प बसायला सांगितलं. लोक दारात आले तेव्हा त्याला बघून कुणालाच नवल वाटलं नाही. मीही गप्प बसलो. पंधरा दिवस. परत परत मनाशी म्हणायचो की पोरगा तरुण आहे, निभावून नेईल. लाज वाटते म्हणणं फार सोपं झालं, पण वाटते.

वेल्डर काल शुद्धीवर आला. जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. तो लिहून देईल याची वाट मी बघणार नाही. हे पत्र पेटीत टाकून तसाच चौकीवर जातोय.

आशीर्वाद द्यायचा अधिकार राहिला नाही, तरी देतो.

दादा


१४ डिसेंबर

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र तुला कोठडीत मिळेल. मी तुझ्या गावी येऊन पोचले आहे, तुझ्याच खोलीत बसून लिहितेय. उद्या तुझे कपडे आणि गोळ्या घेऊन येईन. वेल्डरला पाहून आले. त्याने पाटीवर लिहून तुझ्यासारखाच जबाब दिला. उजव्या कानाने त्याला आता कधी ऐकू येणार नाही. त्याच्या बायकोने मला बसायला सांगितलं नाही आणि मला तेच बरं वाटलं. तुला मी माफ केलं की नाही ते मला माहीत नाही, विचारू नकोस.

टिल्लूला काल सोडलं. खोटं बोलल्याबद्दल अंमलदाराने त्याला तासभर फैलावर घेतलं. वाटेत मी त्याला विचारलं की हे अंगावर का घेतलंस. तो म्हणाला, मामाला कोठडी झेपली नसती, आणि मी केलं म्हटल्यावर कुणीही दुसरा प्रश्न विचारणार नव्हतं. तसंच झालं, म्हणाला. पोलिसांनी नाही विचारलं, क्लबाने नाही, आई, तूही नाही. मी तुझी हाडं तपासली रे दादा, पण टिल्लू, तू केलंस का, असं दोन ओळींचं पत्र मी त्याला घातलं नाही.

पण त्याच्याही आधीचं सांगायचंय. फाटकातून तो बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळ्याखाली माराचा पिवळट डाग अजून तसाच. मी त्याच्या गालावरून फिरवायला हात वर केला, आणि त्या सहा फुटी माणसाने डोळे गच्च मिटून कोपर डोक्यावर आडवं धरलं. फाटकावरचा शिपाई बघत होता. मी हात तसाच खाली घेतला.

दादा, त्याचा बाप घरातून गेला त्याला वीस वर्षं झाली. त्यानंतर त्या घरात टिल्लूला मारणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

लोभ असू दे, आता तो मला लागणार आहे.

छोटी