कोऱ्या कापडाची पिशवी

बाबा, बादलीत कापड भिजत घालून आज तिसरा दिवस आहे. सकाळी पूजा आटोपली की आधी बादलीतलं पाणी बदलते, मग चहा ठेवते. पोरगी हसते मला. म्हणते, आई, कापड आहे की कडवे वाल, किती दिवस भिजवशील? तिला काय सांगू. तिनं पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला आहे, तळहातावर मावेल एवढा, रंगीत फोटो काढणारा. पुढल्या महिन्यात आम्ही दोघं अमरकंटकला जाणार म्हणून तो तिनं आमच्या हवाली केला, आणि हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्याला एक पिशवी शिवून टाक ना. बाबांना शिवली होती तशी." त्यांना काही माहीत नाही, सहज बोलले. मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात येऊन उगीच डाळीचा डबा उघडून उभी राहिले.

तुमच्या डाव्या खांद्यावरचा तो काळा वळ मला अजून दिसतो. फोटोच्या दुकानातून दुपारी जेवायला यायचे, सदरा खुंटीला लावायचे, तेव्हा तो दिसायचा. कातडी पट्टा वर्षानुवर्षं तिथंच बसून मांस दबलं होतं. लग्न-मुंजी, रामटेकची जत्रा, कुठंही जायचं तर तुमची ती कातडी पेटी खांद्याला आणि लाकडी स्टँड काखेत. आई रात्रंदिवस एकच म्हणायची, माग सोडला तरी जू काही सुटलं नाही. तुम्ही घरातले पहिले, ज्यांनी माग सोडून कॅमेरा धरला. काका शेवटपर्यंत मागावर बसले. तुम्हा दोघा भावांचं एकाच अंगणात दोन वेगळ्या जगांत चालायचं, इकडे रसायनांचा वास, तिकडे खळीचा.

मग गल्लीतल्या मंडळींनी नर्मदेची यात्रा ठरवली. भेडाघाट करून अमरकंटक, कार्तिकात. तुम्ही आणि आई दोघंही जाणार होते. तुम्हाला नदीचे फोटो काढायचे होते, आणि त्याहून जास्त आईचा. फोटोवाल्याची बायको असून तिचा एकही फोटो नव्हता, हे मी मोठी झाल्यावर ध्यानात आलं. दुकानात ती नेहमी मागं, उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभी. आमच्या लग्नातही तिनं चादरच धरली.

आषाढात मी माहेरी येऊन बसले होते, माझं घर दोन गल्ल्या सोडूनच. तुम्ही चटईवर सगळं सामान मांडलं. मोठा लाकडी कॅमेरा, त्याच्या काचा, काळं कापड, स्टँड, लहान दोन डोळ्यांचा कॅमेरा, फ्लॅश, त्याचे दिवे, चार रंगीत काचा, फिल्मच्या रोळांचा डबा. मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून तराजू मागून आणला आणि एकेक वस्तू तोलून वहीत वजन लिहीत गेले. तुम्ही दारात येऊन थबकले. "काहून वं, हे काय बाजार भरवून राहिली?"

"बाबा, पावणेबारा किलो झालं. तुमचं वय काय, चढ काय."

"शिपाई लढाईले निंगते तवा बंदूक तोलून पायते का?"

आई आतून म्हणाली, "लढाई नाही ना, यात्रा हाय. अर्ध्या वाटेत हे सारं मलेच उचला लागन. मंग देवाले हात कोणते जोडू?"

तुम्ही हसले. तिच्या बोलण्यावर हसायचे आणि माझ्या वहीवर रागवायचे. मोठा कॅमेरा गाळला ते चालवून घेतलं, पण स्टँड बाजूला ठेवल्यावर म्हणाले, हात हालला तर? मी म्हटलं, आईच्या खांद्यावर टेकवा की. तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जसं मी मॅट्रिक झालेच नाही. "हिच्या खांद्यावर टेकवला तर हिचा फोटो कसा काढू वं?" मग तुम्हीच तोड काढली, छत्रीची मूठ छातीशी धरायची आणि तिच्यावर कॅमेरा टेकवायचा. अशानं लहान कॅमेरा, एक पिवळी काच, रोळांचा डबा आणि छत्री एवढंच उरलं. अडीच किलोच्या आत. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

राहिली पेटी. ती कातडी. मी अडून बसले की देवाच्या दारात कातडं न्यायचं नाही, बाहेर ठेवली तर चोरीला जाईल, म्हणून कापडाची पिशवी हवी. आणि कापड हवं तर कोरंच हवं, वापरलेलं, धुतलेलं नको. देवाकडे जाणारी वस्तू कोरी पाहिजे हे मला आजीनं शिकवलं होतं. काकांच्या मागावरचा शेवटचा तुकडा मिळाला, जाडजूड, खळ तशीच अंगात असलेला. उगीच विकत काय आणायचं म्हणून आत मऊपणासाठी मागाखालचं वाया गेलेलं सूत भरलं. तेही खळीचंच. पट्टा मात्र चार बोटं रुंद घेतला, पलंगाच्या नवारीचा, दुहेरी, म्हणजे वजन एका रेघेवर पडायला नको. तुमच्या खांद्यापासून कमरेपर्यंत वितीनं मोजून लांबी धरली, पिशवी चालताना मांडीवर आदळू नये, कमरेच्या वर टेकून राहावी. रोळांचा कप्पा पोटाकडून, म्हणजे गर्दीत कुणाचा हात जाऊ नये.

आईनं पिशवी हातात घेतली, दोन बोटांत चुरगाळून पाहिली. खळ करकरली. "एकदा पाण्यातून काढून घे वं," ती म्हणाली. "पावसाळा हाय. खळीले बुरा लवकर धरते."

जन्म मागाच्या घरात काढलेली बाई ती. खळीच्या कापडाचा गठ्ठा ओलीत राहिला की कशी बुरशी चढते ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला वाटलं, शाळा न शिकलेल्या बाईला सोवळं-ओवळं कळत नाही. मी म्हटलं, "आई, धुतलं की ते कोरं राहील का?" तिनं पिशवी चटईवर ठेवली. तुम्ही लगेच कॅमेरा पिशवीत घातला, गळ्यात अडकवून अंगणात तीन फेऱ्या मारल्या, आणि ती भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली. सारा श्रावण, सारा भादवा ती तिथंच होती. त्या भिंतीला दरवर्षी ओल यायची. निघायच्या आधी तुम्ही म्हणाले, एक रोळ मारून पाहतो, तर मीच म्हटलं, कशाला वाया घालवता, तिकडं कमी पडला तर?

तुम्ही दोघं परत आले त्या दिवशी मी भाजी-भाकरी घेऊन आले होते. आई उन्हानं काळवंडली होती पण खूष होती. भेडाघाटचे पांढरे खडक, नावेत बसताना तिचं निघालेलं जोडवं, सगळं सांगत होती. तुम्ही सदरा काढून खांदा दाखवला. "पाय, वळ नाही. पट्टा मस्त झाला तुझा." आणि अंधाऱ्या खोलीत शिरले.

दुपार उलटली तरी बाहेर येईनात. मग ओल्या फिल्मची पट्टी घेऊन आले, खिडकीशी धरली, पुन्हा धरली. "धुकं असन अमरकंटकचं," म्हणाले. दुसरी पट्टी भेडाघाटची, लखलखीत उन्हातली. तीही तशीच. कागदावर उतरल्यावर मी पाहिलं. नर्मदेच्या उगमाशी, कुंडाच्या पायऱ्यांवर आईच्या लुगड्याचा आकार होता, पदर होता, जोडलेले हात होते, आणि चेहऱ्याच्या जागी दूध सांडल्यासारखं पांढरं. तुम्ही कॅमेऱ्याची काच डोळ्यांसमोर फिरवत होते. तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता, तुम्हाला सगळंच धुरकट दिसायचं. कॅमेरा खाली ठेवून म्हणाले, "काच ठीकच दिसते. माहेच डोळे गेले. चुकीचंच पाहून राहिलो होतो तिथं."

तुम्ही हात धुवायला गेले तेव्हा मी तो कॅमेरा उचलला. मागचं झाकण उघडून काच उन्हाकडे धरली. आत बुऱ्याचे पांढरे बारीक धागे पसरले होते, कोष्ट्याच्या जाळ्यासारखे, कडेकडेनं आणि मध्यातही. मी पिशवी नाकाशी नेली. आंबूस वास आला. आई माझ्यामागं उभी होती. तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली, वास घेतला, आणि आतून थोडं सूत ओढून बघितलं. मला वाटलं आता म्हणेल, मी सांगितलं होतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "आत्ता नको सांगू त्यायले. सकाळपासून जेवले नाही ते. जेवले की सांगजो."

तुम्ही जेवले, बाबा. दोन भाकरी खाल्ल्या. मी वाढत होते. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं. मग देवदिवाळी झाली, मग माझ्या सासूबाई आजारी पडल्या. तुम्ही दुकान पुतण्याकडे दिलं. लोक विचारायचे तर सांगायचे, डोळ्यांनी दगा दिला. आई एकदा अंगणात तुमच्याजवळ बसून म्हणाली, "आता तरी काढा ना माहा एक, मोठ्या कॅमेऱ्यावर. मी हालत नाही." तुम्ही म्हणाले, "मले दिसत नाही वं, तुहा चेहरा खराब करून ठेवीन पुन्हा." मी तिथं तांदूळ निवडत होते. एक वाक्य बोलायचं होतं. डोळे नाही बाबा, पिशवी. तुम्ही उठून स्टँड लावला असता, त्याच दिवशी लावला असता. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी खडे वेचत राहिले. भीती तुमच्या रागाची नव्हती, तुम्ही मला कधी हातही लावला नाही. देवासाठी म्हणून एवढ्या निष्ठेनं केलेलं काम असं निघालं, हे तोंडानं म्हणायचं कसं, तेच मला कळत नव्हतं. अजून कळत नाही.

माघात आई गेली, चार दिवसांच्या तापानं.

त्यानंतर तुम्ही तो एकच फोटो मोठा करत राहिले. उजेड कमी करून, जास्त करून, चेहऱ्यावर हाताची सावली धरून. पुतण्याला विचारायचे, काही दिसते का रे, नाक दिसते का? तो बिचारा हो म्हणायचा. शेवटी ज्या कागदावर त्यातल्या त्यात कपाळ दिसत होतं तो तुम्ही चौकटीत घातला. तुम्ही गेल्यापासून तो माझ्या देवघरापाशी आहे. पोरीला लहानपणापासून वाटतं की तिची आजी धुक्यात उभी आहे.

आज कापड पिळून दोरीवर टाकलं. जिभेचं टोक लावून पाहिलं, खळीची चव राहिली नाही. उन्हात दोन दिवस कडक वाळवीन, मग शिवीन. आत काही भरणार नाही, जुन्या धुतलेल्या चादरीच्या दोन घड्या पुरे. पोरीला सांगितलं आहे की आम्ही परत आल्यावर रोज कॅमेरा पिशवीतून काढून वाऱ्याला ठेवायचा. तिनं विचारलं, काहून? मी म्हटलं, मोठ्या माणसांचं ऐकावं.

हे पत्र अमरकंटकला कुंडात सोडावं असं मनात होतं. पण तिथं पाण्यात कागद टाकलेला बरा नाही, आणि कुणी उचलून वाचला तर. म्हणून घडी करून तुमच्या जुन्या पिशवीत ठेवणार आहे. ती टाकली नाही मी. ट्रंकेच्या तळाशी आहे, पट्ट्यासकट. पट्टा उसवून नव्या पिशवीला लावावा असं मनात आलं, नवार अजून भक्कम आहे, वाया का घालवा. कात्री घेऊन बसलेही. नाही झालं.

आणि एक सांगायचं राहिलं. पट्टा मस्त झाला, असं तुम्ही एकदाच म्हणाले होते, त्या दुपारी, अंधाऱ्या खोलीत शिरण्याआधी. पण मी सगळ्यांना सांगताना सांगते की बाबा नेहमी म्हणायचे.