आबाच्या खुर्च्या

माय, मी गावात परत आलेय. तलाठी म्हणून. आपल्या गावचा तलाठी लांब रजेवर गेला आणि अतिरिक्त कारभार माझ्या गळ्यात पडला. पारोळ्याहून स्कूटीवर येते, मंगळवारी आणि शुक्रवारी. चावडीत बसले की बाया पदर सावरून ताईसाहेब म्हणतात, त्यातल्या निम्म्या तुझ्याबरोबर कापूस वेचायच्या. गेल्या महिन्यात निराधारांना दरमहा मिळणाऱ्या सरकारी पगाराच्या अर्जांचा गठ्ठा आला, घरोघर चौकशी करून शेरा लिहायला. तिसराच अर्ज आबाचा. होय, तोच आबा, ज्याच्या शब्दाशिवाय गावात कुणी गरीब ठरत नव्हतं. खोटं कशाला बोलू, अर्ज दोनदा वाचला आणि मला गोड वाटलं.

मी सातवीत होते तेव्हा दारिद्र्यरेषेचा सर्व्हे आमच्या गुरुजींकडेच होता. आपल्या गल्लीची रीत तुला ठाऊक आहे, पाहुणा येणार म्हटलं की चार घरांतून भांडी गोळा व्हायची. पण गरिबी मोजायला येणाऱ्या माणसापुढे कुणी घर सजवतं का गं? मीच रडून गोंधळ घातला होता, गुरुजी आपलं घर बघतील म्हणून. आणि तू म्हणालीस, “गुरुजी घर ई राहिनात, त्यास्ले भुईवर बसाडू का?” गेलीस आणि थेट आबाच्या घरून चार खुर्च्या आणल्यास, पाठीवर त्याच्या बापाचं नाव रंगवलेल्या. त्याच्याच घरचा टेबलफॅन. शेजारणीचे स्टीलचे डबे फळीवर मांडलेस. गुरुजी आले, बरोबर आबा. स्वतःच्याच खुर्चीवर बसला, तुझ्या हातचा चहा प्यायला, फॅनचं वारं घेतलं. गुरुजींनी घरभर नजर फिरवून आबाकडे पाहिलं. त्या वेळी एक शब्द बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. तो म्हणाला, “लिखा, गुरुजी. बाईनं बरं शे.” तू दारात उभी होतीस आणि तुला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. उसनं आहे हे सांगायची तुला लाज वाटली, आणि तो नेमका त्या लाजेवर बसला होता.

फॅनचे गुण, खुर्च्यांचे गुण, डब्यांचे गुण. जास्त गुण मिळाले म्हणून नापास झालेलं घर जगात आपलंच असेल. कारण काय, तर आदल्या निवडणुकीत आबाच्या पक्षाच्या सभेला ट्रॅक्टर भरून बाया नेल्या आणि तू गेली नाहीस, मला ताप होता म्हणून. पिवळं कार्ड मिळालं नाही. घरकुल त्याच्या चुलतभावाला मिळालं, ज्याच्या दारात दोन बैलजोड्या होत्या. आणि पाच वर्षांनी घरात दाणा नव्हता म्हणून तू अंगात ताप घेऊन वेचणीला गेलीस, ती बांधावरच आडवी झालीस, पुन्हा उठलीच नाहीस. तुला आबाने मारलं, असं मी गेली कित्येक वर्षं मनात म्हणतेय. आज लिहितेही.

आबाने पुढे तीन झेंडे बदलले. योजना कुणाच्याही सरकारची असो, चौकातल्या बॅनरवर हात जोडलेला फोटो याचाच. आता खुर्चीत बसून मीही बघते ना. निवडणुकीआधी अर्ज टाकणारी प्रत्येक बाई बहीण असते, निकाल लागला की तिचीच छाननी सुरू होते. विरोधातले आधी म्हणतात ही खिरापत आहे, मग स्वतः तिच्याहून मोठी कबूल करतात. सामाजिक न्यायावर भाषण सगळ्यांचं एकच, यादी मात्र ज्याची त्याची. गरीब माणूस यांना हवाच असतो, फक्त आपल्या ट्रॅक्टरमध्ये बसलेला.

चौकशीला गेले तेव्हा आबा पत्र्याच्या खोलीत होता. शेत मुलांच्या नावावर, मुलं दोन्ही सुरतेला, पुतण्याची बायको एक वेळ ताट सरकवते. कोणता पक्ष उरला होता त्याला बघायला? मला ओळखून म्हणाला, “ताई, तुनी माय देवमाणूस व्हती.” माझं डोकंच फिरलं. मी मुद्दाम ऑफिसातली मराठी काढली. “त्या दिवशी आमच्या घरातल्या खुर्च्या कुणाच्या होत्या, आबा?” चहा घ्या म्हणाला. मी घेतला नाही.

माय, शेतीचं एक वाक्य लिहिलं असतं तरी त्याचा अर्ज संपला असता. हात वळला नाही. ‘मुले सांभाळत नाहीत, पात्र’ असा शेरा त्याच संध्याकाळी लिहिला. अर्ज वर गेला, मंजूरही झाला. हा कागद कुठल्याच टपालपेटीत पडणार नाही म्हणून पुढचं सांगते. मी त्याला कळवलेलं नाही. चावडीला सरळ रस्ता असताना त्याच्या दारावरून जाते. स्कूटीचा आवाज आला की तो काठी टेकत उठतो, हात जोडतो, विचारतो, “ताई, मना अर्जनं काय व्हयनं?” मी म्हणते, बघू. खात्यात पगार पडला की त्याला कळेलच, आणि मग तो माझ्यासाठी उठायचा नाही. काल रविवार होता, कचेरीला सुट्टी. तरी गेले.