इंदूताईला लिहिलेलं पत्र

१२ ऑगस्ट २००२
शनिवार पेठेत प्रकाशकांकडे. चोवीस वर्षं सैन्यात ट्रक चालवले, ते दोनशे पानांत बसवलंय. वाचलं म्हणाले. "रस्त्यांचं झकास आहे. पण सुभेदार, झोजीलाच्या घाटात तुमचा दोस्त मरतो आणि पुढच्याच ओळीत तुम्ही लेहला पोचून जेवता. एवढी भूक लागली होती?"
तोंडात मारल्यासारखं झालं. पण राग नाही आला. बरोबर तिथेच बोट ठेवलं माणसाने. बसने कोथरूडला परत. घरी मंगलला सांगितलं, एक प्रकरण पुन्हा लिहायचंय.

१९ ऑगस्ट
आठ ओळी झाल्या, खोडल्या.

२ सप्टेंबर
आज लिहिलं. दत्तूची गाडी पुढे, माझी मागे. दरड आली, त्याची गाडी खाली गेली. त्याला वर काढला तेव्हा अकरा वाजले होते. पोटात मार. रस्ता दोन्हीकडून बंद, डॉक्टर पलीकडे अडकलेला. नर्सिंगवाला म्हणाला, पोटाची जखम आहे, पाणी द्यायचं नाही. दत्तू पाणीच मागत होता. "घोटभर दे की रे." माझी बाटली भरलेली. नाही दिलं. दु. ३ वाजता गेला.
पानभर झालं आणि उठून बाहेर गॅलरीत जाऊन रडलो. सत्तावीस वर्षांनी. मंगल आली, शेजारी उभी राहिली.

३ सप्टेंबर
आणि पत्र? त्याच्या बायकोला, इंदूताईला, मीच लिहिलं होतं. "त्रास झाला नाही. माझ्या हातून दोन घोट पाणी प्याला आणि शांत झाला." तेव्हा वाटलं, बाईला तेवढाच आधार. त्या दोन घोटांवर तिने मला भाऊ मानलं. एकही भाऊबीज चुकवली नाही. आधी साताऱ्याहून एसटीने यायची, आता मुलाजवळ इथेच असते.

१० ऑक्टोबर
तिचा मुलगा प्रशांत सॉफ्टवेअरमध्ये. पुस्तक तोच टाइप करतोय, रविवारी, हौसेने. एकेक वही देतोय. बापाचं प्रकरण सोडून. त्या प्रकरणाचं दुसरं रूप, पत्रातल्यासारखं पाणी पाजल्याचं, कालच लिहून काढलं. सुरेख जमलंय. खोटं असून सुरेख जमलं याचीच शरम वाटते.

२७ ऑक्टोबर
घात झाला. सातव्या वहीत दोन्ही कागद घडी करून ठेवले होते, आणि ती वही परवा प्रशांत घेऊन गेला. फोन आला. "काका, दोन प्रकरणं आहेत. खरं कुठलं?"
सांगितलं.
"आईला माहीत नाही?"
नाही म्हटलं. "बरं," म्हणाला आणि ठेवला. ते "बरं" अजून कानात आहे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

६ नोव्हेंबर, भाऊबीज
प्रशांतकडे. इंदूताईने ओवाळलं. म्हणाली, "दादा, पत्र किती जपलं तरी फाटाया लागलंय. पुस्तकात छापलं म्हंजी ऱ्हाईल. छापताय न्हवं?" प्रशांत कॉम्प्युटरकडे तोंड करून बसलेला, वळला नाही. मी हो म्हटलं. लाडू ताटातच ठेवला.
निघताना तो जिन्यापर्यंत आला. "दोन्ही टाइप केलीत. कुठलं पाठवायचं ते तुम्ही सांगा. मी नाही ठरवणार." कागद परत दिले.

१५ नोव्हेंबर
प्रकाशकांचा फोन. "प्रकरण येतंय की पुढच्या दिवाळीला?" सोमवारी देतो म्हटलं.
मंगल म्हणते, "अहो, तिचं काय उरलंय दुसरं? राहू द्या ना ते पाणी." आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, "पण तुमचं काय होणार?"

१६ नोव्हेंबर
इंदूताईचा फोन. "प्रशांत म्हनतो, पुस्तक झालं की वाचून दावीन. मला न्हाई तवर दम. त्यांचं पान तुमच्या तोंडनं ऐकायचंय. उद्या येते."
ये म्हटलं. मंगलला सांगितलंय, घरीच थांब. दोन्ही कागद टेबलावर काढून ठेवलेत, खरा वर.